कौन्सिल टॅक्स: घरात अपंग व्यक्ती असेल तर बँड खाली येतो का? (इंग्लंड)

सुरंगी

इथे यूकेवाली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. लंडनच्या पश्चिमेला आमचं तीन बेडरूमचं घर आहे, कौन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) ए ते एच पायऱ्यांपैकी ई बँड. मी, नवरा, मुलगी आणि आता सासूबाई. सासरे एनएचएसमध्ये डॉक्टर होते, सत्तरच्या दशकात आलेली पिढी, त्यामुळे व्हिसाबिसाची भानगड नाही. सासऱ्यांच्या मागे त्या त्यांच्या घरी एकट्याच हट्टाने राहायच्या. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. काठीच्या आधाराने चार पावलं टाकतात, पण जिना कायमचा बंद झाला.

आम्ही खालची डायनिंग रूम त्यांना दिली. हॉस्पिटलसारखा वरखाली होणारा पलंग, कमोड खुर्ची, व्यायामाचं सामान, देवघर, सगळं तिथेच. जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये गेलं आणि आम्ही तिघं ओट्यापाशी उभ्याने जेवतो.

मैत्रिणीने सांगितलं की अशा घराला एक बँड खालचा टॅक्स लागतो. अर्ज केला. कौन्सिलचं उत्तर दोन ओळींचं: झोपायला खोली प्रत्येकालाच लागते, त्यामुळे ही खोली अपंगत्वापायी लागते असं म्हणता येत नाही, सबब अर्ज नामंजूर. सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्स (अपंग वृद्धांचा सरकारी भत्ता) मिळतो, तोही यांना पुरेसा नाही म्हणे.

भांडण्यात अर्थ आहे का? कुणी केलंय का हे?

खडूस

राग मानू नका, पण ई बँडचं घर आणि घरात दोघं कमावते असताना सूट कशाला? कौन्सिलं आधीच डबघाईला आलीत. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमने हात वर केले ते विसरलात का? ज्यांची खरंच ओढाताण आहे त्यांच्यासाठी राहू द्या की.

चिंचवडकर

यूकेचं माहीत नाही, पण आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला सोपं आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि मिळकत त्या व्यक्तीच्याच नावावर, की सामान्य करात ५० टक्के सवलत. बाकीचे कर भरावेच लागतात. सासूबाईंचं नाव घरावर चढवता येईल का बघा. आणि भारतातून कधी टक्केवारीचा दाखला काढला असेल तर तोही जोडा.

नाचणी

सुरंगी, भांडा. आम्हाला मिळाली आहे. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम, बोलत नाही. आमचं भाड्याचं घर आहे, सी बँड. सगळ्यात लहान खोली त्याच्यासाठी ठेवली आहे: भिंतींना गाद्या, एक टांगलेला झोपाळा, मंद दिवे, खिडकीला कुलूप. बाहेर गोंगाट झाला किंवा शाळेतून बिनसून आला की तो तिथे जाऊन शांत होतो. झोपतो दुसऱ्या खोलीत.

कौन्सिलची बाई घरी आली होती. स्वभावाने चांगली, पण नजर तीक्ष्ण. त्या खोलीच्या कोपऱ्यात भारतातून आणलेल्या दोन मोठ्या बॅगा उभ्या होत्या, वर इस्त्रीचं टेबल आडवं टाकलेलं. पहिला प्रश्न त्यावरच: हे सामान कुणाचं, कायम इथेच असतं का? नवऱ्याने तिच्यासमोरच ते टेबल उचलून जिन्याखाली नेलं. ती हसली. मग बराच वेळ झोपाळा, गाद्या, शाळेचं पत्र बघत बसली. पुढच्या बिलावर बी बँडचा आकडा आला.

आम्हाला खरी भीती वेगळीच होती. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, त्याच्या अटीत ‘नो पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घ्यायची नाही) असं स्वच्छ लिहिलेलं. म्हणून मुलासाठी डीएलए (अपंग मुलांचा भत्ता) मागितला नाही. हा अर्ज करायलाही धजत नव्हतो, उद्या आयएलआरच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) वेळी अंगाशी यायचं.

पांढरकवडा

मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या टॅक्स विभागात नोकरी केली, आता निवृत्त. टेबलाच्या पलीकडून असे अर्ज पाहिलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. वकील नाही, हे आधीच सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही सूट अपंग माणसाला नाही, घराला आहे. कौन्सिल ‘ही व्यक्ती किती अपंग’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘त्या अपंगत्वामुळे या घरातली कुठली जागा लागते’ हे विचारते. बहुतेक अर्ज इथेच गळतात, कारण लोक आजाराचे कागद गठ्ठ्याने जोडतात आणि खोलीबद्दल एक ओळ लिहितात.

नियम १९९२ चे आहेत, नाव ‘रिडक्शन्स फॉर डिसॅबिलिटीज’. घरात राहणारी एक तरी व्यक्ती लक्षणीय आणि कायमस्वरूपी अपंग हवी. वयाची अट नाही, मूलही चालतं. घर तिचं मुख्य निवासस्थान हवं. आणि खालच्या तीनपैकी एक गोष्ट घरात हवी, तिन्ही नकोत.

एक, अशी खोली जी मुख्यतः ती व्यक्ती वापरते आणि जी तिच्या गरजेसाठी आवश्यक आहे. यात बाथरूम, किचन, टॉयलेट धरत नाहीत.
दोन, घरातलं दुसरं बाथरूम किंवा दुसरं किचन, जे त्या व्यक्तीच्या गरजेसाठी आवश्यक आहे.
तीन, घरात व्हीलचेअर फिरवायला लागणारी जागा.

‘आवश्यक’ म्हणजे काय तेही नियमातच आहे: अपंगत्वाचं स्वरूप आणि तीव्रता बघता त्या व्यक्तीच्या स्वास्थ्यासाठी अत्यावश्यक किंवा फार महत्त्वाची. सोयीची असून भागत नाही.

आता चिंचवडकरांच्या सूचनेबद्दल. इथे घर कुणाच्या नावावर आहे याला काडीचं महत्त्व नाही. बिल सुरंगीच्या नवऱ्याच्या नावाने येत असेल तर अर्जही तोच करेल आणि सूट त्याच्या बिलात लागेल. नाचणीसारखे भाडेकरूही पात्र, कारण बिल तेच भरतात. टक्केवारीचा दाखला पुरावा म्हणून जोडायला हरकत नाही, पण ४० काय आणि ८० काय, इथल्या नियमात टक्के ही कल्पनाच नाही. अटेंडन्स अलाउन्सचंही तेच. तो मिळत असला तर अपंगत्वाचा मुद्दा सुटतो, खोलीचा सुटत नाही. उलट तो मिळत नसला तरी ही सूट मिळू शकते.

पैशाचं गणित असं. बँड ए ते एच, आणि टॅक्स डी बँडच्या नवमांशांत मोजतात. ए ६, बी ७, सी ८, डी ९, ई ११, एफ १३, जी १५, एच १८. तुम्ही एक पायरी खाली येता. ई वरून डी म्हणजे अकरातले दोन गेले, साधारण १८ टक्के. डी वरून सी म्हणजे ११ टक्के. २०२५-२६ साठी इंग्लंडचा सरासरी डी बँड २,२८० पौंड होता, त्या हिशोबाने ई बँडवाल्याचे वर्षाला पाचशेच्या वर वाचतात. ए च्या खाली बँड नाही म्हणून ए वाल्यांना काही मिळत नाही असं काहींना वाटतं. मिळतं, डी बँडचा एक नवमांश कमी होतो.

नाचणी, तुमची भीती रास्त आहे आणि बऱ्याच घरांत असते, म्हणून ठळकपणे सांगतो. इमिग्रेशनच्या नियमांत ‘पब्लिक फंड’ची यादी आहे. उत्पन्न कमी म्हणून कौन्सिल जी टॅक्समाफी देते, म्हणजे १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ए ची ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’, ती त्या यादीत आहे, तिला हात लावू नका. अपंगत्वासाठीची बँडची सूट कलम १३ खालची, ती यादीत नाही. एकट्या माणसाला मिळणारी २५ टक्के सवलतही यादीत नाही. घोळ असा की दोन्हीकडे ‘रिडक्शन’ हाच शब्द आणि काही कौन्सिलांच्या वेबसाइटवर दोन्ही अर्ज शेजारी शेजारी. कुठला फॉर्म भरताय ते दोनदा वाचा. उत्पन्न, बचत, पगाराच्या स्लिपा विचारत असेल तर तो तुमचा फॉर्म नव्हे.

खडूस

म्हणजे उत्पन्नाची अटच नाही? एच बँडच्या हवेलीतला माणूसही मागू शकतो?

पांढरकवडा

हो, आणि मागतातही. पण यामागचं तर्कशास्त्र बघा. कौन्सिल टॅक्स हा घराच्या किमतीवर लागतो, तीही १ एप्रिल १९९१ ची किंमत. अपंग माणसाला पलंगाभोवती हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) फिरवायला, थेरपीला, व्हीलचेअर वळवायला जास्त जागा लागते. तेवढी जागा असलेलं घर वरच्या बँडमध्ये जातं. म्हणजे आजारपणाने लादलेल्या चौरस फुटांवर टॅक्स बसतो. तो भाग काढून टाकायचा एवढाच हेतू. ही कल्पना कौन्सिल टॅक्सच्याही आधीची, जुन्या ‘रेट्स’ या घरकराच्या काळात १९७८ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. गरिबांसाठीची माफी वेगळी आहे आणि ती असायलाच हवी, पण तिचा हिशोब यात घालू नका.

खडूस

तर्क समजला. तरी हवेलीवाल्याचं पटत नाही ते नाहीच.

सुरंगी

पांढरकवडा, खूप आभार. एवढं स्वच्छ कौन्सिलच्या साइटवरही नाही. पण मग माझ्या केसमध्ये ‘झोपायला खोली सगळ्यांनाच लागते’ हे त्यांचं म्हणणं बरोबर की चूक?

पांढरकवडा

अर्धं बरोबर. कौन्सिलं हे वाक्य ठेवणीतलं असल्यासारखं वापरतात, पण त्याला मुळात आधार आहे. अपंग व्यक्ती आपल्या नेहमीच्या बेडरूममध्ये झोपते आणि एवढंच असेल, तर सूट नाही. ती धडधाकट असती तरी ती खोली वापरलीच असती. सँडवेल कौन्सिलच्या २००३ च्या खटल्यात हायकोर्टाने मुद्दा मांडला तो हाच: अपंगत्व आणि त्या खोलीची गरज यांत कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे.

पण तुमच्याकडे तो आहे. वर तीन बेडरूम आहेत. तुम्ही दोघं, मुलगी, आणि तिसरी रिकामी किंवा तुमचं ऑफिस असेल. सासूबाई जिना चढू शकत असत्या तर तिसरीत झोपल्या असत्या आणि तुमचं टेबल जागेवर राहिलं असतं. डायनिंग रूम गेली ती केवळ जिना बंद झाला म्हणून. शिवाय त्या खोलीत नुसती झोप नाही, व्यायाम आहे, कमोड आहे, दिवसभराचं सगळं जगणं आहे. हे अर्जात लिहिलं होतं का, की नुसतं ‘खालची खोली आईंची बेडरूम केली’ एवढंच?

नियमात खोलीबाबत ‘जादा बांधलेली’ असे शब्द नाहीत. ‘मुख्यतः वापरते’ आणि ‘आवश्यक’ हे आहेत. तरी सांगून ठेवतो, खाली हलवलेल्या बेडरूमबद्दल ट्रायब्युनलचे (अपील ऐकणाऱ्या न्यायमंडळाचे) निकाल दोन्ही बाजूंनी गेलेले आहेत. निव्वळ पलंग खाली आणला असं दिसलं तर हरता. खोलीचा उपयोगच बदलला हे दिसलं तर जिंकायची शक्यता बरी.

एक विचारतो. आंघोळीचं काय करता?

सुरंगी

आधी स्पंज बाथ. वरच्या बाथरूमशिवाय खाली फक्त बेसिन-टॉयलेट होतं. आता त्याची मागची भिंत युटिलिटीत सरकवून वेट रूम करून घेतली, बसून आंघोळ करायची खुर्ची, पकडायला दांडे. अर्ज दिला तेव्हा काम सुरूही झालं नव्हतं, नकाराचं पत्र आलं त्याच सुमारास पुरं झालं.

पांढरकवडा

अहो, मग हे आधी सांगायचं ना!

खालचं नुसतं टॉयलेट असताना दुसऱ्या प्रकारात बसत नव्हतं, कारण नियमात शब्द बाथरूम आणि किचन असे आहेत. आता तिथे आंघोळ होते, म्हणजे ते घरातलं दुसरं बाथरूम झालं, आणि सासूबाईंना पहिल्यापर्यंत जाताच येत नाही. यापेक्षा सरळ केस मिळणार नाही. आणखी एक फायदा: दुसऱ्या बाथरूमला ‘मुख्यतः त्यांच्याच वापरात’ ही अट नाही. मुलगी घाईच्या वेळी तिथे शॉवर घेत असली तरी चालतं. सासूबाईंच्या गरजेसाठी ते आवश्यक आहे एवढं पुरे.

उलट ज्यांच्या घरात बिल्डरनेच दिलेलं एन-स्वीट (बेडरूमला जोडलेलं बाथरूम) आहे आणि अपंग व्यक्ती ते वापरते, त्यांना ‘दुसरं बाथरूम’ म्हणून आपोआप मिळत नाही. पहिलं का चालत नाही ते दाखवावं लागतं.

तर आता दोन गोष्टी करा. वेट रूम तयार झाली त्या तारखेपासून नवा अर्ज, दुसऱ्या बाथरूमच्या मुद्द्यावर. आणि जुन्या नकाराला लेखी हरकत, खोलीच्या मुद्द्यावर, म्हणजे आधीच्या महिन्यांचेही पैसे पणाला राहतात. कौन्सिलला उत्तर द्यायला दोन महिने असतात. उत्तर पटलं नाही तर त्या तारखेपासून दोन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रायब्युनल फॉर इंग्लंडकडे जायचं. दोन महिन्यांत उत्तरच आलं नाही तर पहिली हरकत पोचल्यापासून चार महिन्यांच्या आत. फी लागत नाही, वकील लागत नाही, हरलात तरी समोरच्याचा खर्च भरावा लागत नाही. मात्र तोवर बिलाचे हप्ते चालू ठेवा. सूट मागितली आहे म्हणून हप्ता थांबवला की वसुलीची नोटीस येते आणि त्या नोटिशीला हे कारण चालत नाही.

पत्र ऑक्युपेशनल थेरपिस्टचं (ओटी, म्हणजे रोजच्या वावरासाठी घरात काय सोयी हव्यात ते सांगणारी) घ्या. जीपी (नेहमीचे डॉक्टर) लिहितात ‘पेशंटला स्ट्रोक झाला आहे’, ते कौन्सिलला माहीतच असतं. ओटी घर बघून गेलेली असते, ती लिहू शकते की जिना सुरक्षित नाही, वरचं बाथरूम गाठता येत नाही, म्हणून तळमजल्यावर आंघोळीची सोय आवश्यक आहे. ‘आवश्यक’ हा शब्द पत्रात आला पाहिजे. ‘उपयुक्त ठरेल’ असं लिहून आलं तर परत पाठवा.

सुरंगी

ओटी हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच येऊन गेली होती, दांडे कुठे लावायचे तेही तिनेच सांगितलं. तिलाच मेल करते. थँक यू थँक यू!

झुंबर

छान चाललाय धागा. माझा प्रश्न व्हीलचेअरबद्दल. बाबा आमच्याकडे असतात, दोन्ही गुडघे गेलेले. बाहेर जाताना व्हीलचेअर, घरात वॉकर. चेअर घडी करून दारामागे ठेवतो. तिसऱ्या प्रकारात बसेल का?

पांढरकवडा

नाही. नियमात याचा वेगळा उल्लेखच आहे: घराच्या आत चेअर वापरायची गरज नसेल तर ती धरत नाहीत. अधिकारी आला की दारामागची घडी घातलेली चेअर त्याला बरोबर दिसते. बाबांसाठी खाली काही बदल केले असतील तर पहिल्या-दुसऱ्या प्रकारातून बघा.

आणि बाबा ‘आमच्याकडे असतात’ म्हणजे कायम? की सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर?

झुंबर

सहा महिने इथे, सहा महिने नाशिकला.

पांढरकवडा

मग मुख्य निवासस्थानाची अटच पुरी होत नाही. व्हिजिटर व्हिसावरचा माणूस ‘मी इथेच राहतो’ असं कौन्सिलला लेखी देऊ लागला तर टॅक्स वाचेल न वाचेल, पुढच्या व्हिसाला खोडा नक्की.

गुळपोळी

थोडं अवांतर होईल, पण इथेच विचारते. आईला डिमेन्शिया आहे. मी अविवाहित, तिच्याबरोबर राहते, इंग्लंडमध्येच. घर साधं, दुसरं बाथरूम नाही, खोलीत काही बदल नाहीत. म्हणजे आम्हाला काहीच नाही ना?

नाचणी

गुळपोळी, तुमच्यासाठी दुसरीच सवलत आहे बहुतेक. पांढरकवडा नीट सांगतील, पण माझ्या शेजारणीला मिळाली होती, आईच्या डिमेन्शियासाठीच.

पांढरकवडा

अवांतर कसलं, उलट बरं झालं विचारलंत. बँडच्या सुटीपेक्षा ही मोठी आहे आणि याबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते.

कौन्सिल टॅक्स घरात किमान दोन प्रौढ आहेत असं धरून लावतात. एकच मोजण्यासारखा प्रौढ असेल तर २५ टक्के कमी. आता ‘मोजण्यासारखा’ कोण नाही, याची एक यादी आहे. पूर्णवेळ विद्यार्थी त्यात येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बुद्धी आणि सामाजिक वागणं यांवर कायमचा गंभीर परिणाम झालेली व्यक्तीही त्यात येते. कायद्यात तिला ‘सिव्हिअरली मेंटली इम्पेअर्ड’ म्हणतात. शब्द ऐकायला वाईट आहे, त्यापायीच कित्येक घरं अर्ज करत नाहीत. अल्झायमर, डिमेन्शिया, स्ट्रोकनंतरचा मेंदूवरचा परिणाम, गंभीर बौद्धिक अपंगत्व, हे सगळं त्यात येऊ शकतं. दोन गोष्टी लागतात: डॉक्टरचं प्रमाणपत्र, आणि ठरावीक भत्त्यांपैकी एखाद्याची पात्रता. अटेंडन्स अलाउन्स किंवा पीआयपी या अपंगत्वाच्या भत्त्याचा डेली लिव्हिंग भाग त्या यादीत आहे.

आईला अटेंडन्स अलाउन्स मिळतो का? मिळत असेल आणि डॉक्टरने प्रमाणपत्र दिलं, तर आई मोजल्या जात नाहीत, उरलात तुम्ही एकट्या, २५ टक्के कमी.

आता पुढचं नीट वाचा. काळजी घेणाराही यादीत आहे, जर तो त्याच घरात राहत असेल, आठवड्याला सरासरी निदान ३५ तास काळजी घेत असेल आणि तो नवरा-बायको-जोडीदार नसेल. अठराच्या आतल्या मुलाचे आईबापही चालत नाहीत. मुलगी चालते. म्हणजे तुम्ही ३५ तास करत असाल तर तुम्हीही मोजल्या जात नाही, घरात मोजण्यासारखं कुणीच उरत नाही, आणि सूट ५० टक्के होते.

तीच आई एकटी राहत असती तर घर पूर्णच माफ झालं असतं.

सुरंगी, तुमच्याकडे याचा उपयोग नाही. सासूबाईंना यादीतून वगळलं तरी तुम्ही नवराबायको दोघं उरताच. जोडप्याच्या घरात आईवडील वगळले गेले म्हणून बिल कमी होत नाही, ही गफलत फार जण करतात.

गुळपोळी

अटेंडन्स अलाउन्स मिळतो. मी घरूनच काम करते, रात्री तीनतीनदा उठते, तास मोजायला बसले तर ३५ च्या कितीतरी वर जातील. नोकरी असली तरी चालतं?

पांढरकवडा

चालतं. या सवलतीत तुमच्या पगाराचा प्रश्न नाही. केअरर्स अलाउन्सला कमाईची मर्यादा असते, त्याच्याशी गल्लत करू नका. एका आठवड्याची वही ठेवा: औषधं, आंघोळ, रात्रीचं उठणं, बाहेर गेली तर शोधायला जाणं. फॉर्ममध्ये तासच विचारतात.

आणि निदान कधी झालं, अलाउन्स कधीपासून, या दोन तारखा अर्जात ठळक लिहा. मागच्या तारखेपासून मागता येते. ‘आजपासून’ असं आपणहून लिहून देऊ नका.

चिंचवडकर

बाप रे, इथे आमच्या मावशीला डिमेन्शिया आहे, मिळकतकरात असलं काही नाही. दाखला काढायला तिला रांगेत बसवणंच अशक्य आहे.

कांदेपोहे

थोडी भर. सुरंगी, वेट रूमच्या कामावर बिल्डरने व्हॅट लावला का? अपंग व्यक्तीच्या घरात तिच्या गरजेसाठी बाथरूम बसवायला किंवा वाढवायला व्हॅट शून्य असतो. रॅम्प आणि दारं रुंद करणं यालाही. बिल्डरला एक घोषणापत्र सही करून द्यायचं असतं. नुसतं वय झालंय, एरवी ठणठणीत, अशांना लागू नाही. अर्धांग असेल तर प्रश्नच नाही. आमच्या बिल्डरला हे ठाऊकच नव्हतं, त्याच्या अकाउंटंटला फोन करायला लावला तेव्हा पटलं.

सुरंगी

लावलाय!! २० टक्के. आजच फोन करते त्याला.

सुरंगी

धागा वर काढतेय, कारण निकाल लागला.

नवा अर्ज दिला, ओटीचं पत्र, वेट रूमचे फोटो, तळमजल्याचा हाताने काढलेला नकाशा जोडला. नकाशावर जिना लाल पेनाने रंगवला होता, मुलीची आयडिया. कौन्सिलचा माणूस बघायला आला. सासूबाईंनी त्याला चहाचा आग्रह केला, त्याने नको म्हटलं, मग त्यांनी डाव्या हाताने बिस्किटाचा डबा पुढे सरकवला आणि त्याला एक घ्यावंच लागलं. वेट रूम पाहून, वरचं बाथरूम पाहून, दहा मिनिटांत गेला. सूट मंजूर, वेट रूमच्या तारखेपासून. नवं बिल डी बँडच्या दराने आलं. घराचा बँड कागदावर ई च दिसतो, फक्त आकारणी डी ची, त्यामुळे घाबरू नका.

खोलीबद्दलची हरकत मात्र त्यांनी पुन्हा फेटाळली, तेच ठेवणीतलं वाक्य. ट्रायब्युनलकडे अर्ज पाठवला आहे. काही महिन्यांच्याच फरकाचा प्रश्न आहे, पण नवरा म्हणतो टेबल गॅरेजमध्ये असताना ‘खोलीचा उपयोग बदलला नाही’ असं कुणी म्हणू नये.

बिल्डरनेही कुरकुरत व्हॅट परत केला. कांदेपोहे, तुम्हाला साष्टांग.

नाचणी

अभिनंदन! ट्रायब्युनलचं काय होतं ते नक्की कळवा, आमच्या ग्रुपमध्ये दोघीतिघी त्याच मुद्द्यावर अडल्यात.

गुळपोळी

माझंही: ५० टक्के मंजूर. डॉक्टरच्या प्रमाणपत्राला वेळ लागला, बाकी काही नाही. फॉर्मवरचे ते तीन शब्द आईला दिसू नयेत म्हणून तिच्या खोलीत भरला नाही.

कोकणकडा

एडिनबरोला हेच नियम का? आणि भाऊ बेलफास्टला आहे.

पांढरकवडा

स्कॉटलंडला तत्त्व तेच: खोली, दुसरं बाथरूम किंवा किचन, व्हीलचेअरची जागा, आणि एक बँड खाली. फक्त ई पासून वरच्या बँडांची गुणोत्तरं २०१७ पासून वेगळी आहेत, त्यामुळे वरचं गणित तिकडे जसंच्या तसं लावू नका. ट्रायब्युनलही वेगळं. वेल्समध्ये तत्त्व तेच, किंमत २००३ ची धरतात आणि बँड आय पर्यंत आहेत. बेलफास्टला कौन्सिल टॅक्सच नाही, तिथे अजून रेट्स आहेत. घरात अपंग व्यक्तीसाठी बदल केलेले असतील तर त्यांत २५ टक्के सूट मिळते. भावाला ‘डिसेबल्ड पर्सन्स अलाउन्स’ असं विचारायला सांगा.

झुंबर

शेवटचा प्रश्न. आई-बाबा कायमचे आले तर मागे खोली वाढवायचा विचार आहे. त्याने बँडच वर जाणार असेल तर खाली आणून काय उपयोग?

पांढरकवडा

घर वाढवलं म्हणून लगेच बँड वर जात नाही. तुम्ही राहता तोवर तोच राहतो, घर विकलं गेलं की मग फेरतपासणी होऊ शकते, आणि तो भुर्दंड पुढच्या मालकाला. खोली बांधा, बाबांच्या नावाने ओटीचं पत्र आधी घ्या, आणि इस्त्रीचं टेबल तिथे ठेवू नका.